बिऊलाचं मिटलेलं तोंड

शनिवारी सकाळी, विज्ञान-प्रदर्शनाला निघायच्या ऐन वेळी, बिऊलाच्या तोंडाला डुकराच्या बार्बेक्यूचा वास येत होता.

बिऊला म्हणजे माझी फ्लायट्रॅप. पानांच्या टोकाला जबडे असलेली, माश्या खाणारी. रोपवाटिकेतली बरं का! आमच्या पाईनच्या रानातली उपटली तर सरळ तुरुंग.

"मामा!" मी अशी किंचाळले की कुंपणावरचे कावळे उडाले.

थर्मनमामा भट्टीपाशी होता. चर्चच्या प्रत्येक जेवणाचं डुक्कर तोच भाजतो. "काय गं थीया, घर पेटलं का?"

"बिऊलाला काय भरवलंस?"

"चिमूटभर गं. एका जबड्यात तू अंड्याचा पांढरा तुकडा घातलास नि दुसऱ्यात नुसती काडी फिरवलीस. मला नाही बघवलं. या घरात कुणी उपाशी झोपलंय का कधी?"

अरे देवा! माझा अख्खा प्रयोग त्या उपाशी जबड्यावर तर होता. रिकामा जबडा एव्हाना उघडायला हवा होता आणि अंड्याचा घट्ट मिटलेला राहायला हवा होता. आता दोन्ही मिटलेले. एकाच्या कडेतून मांसाचा धागा लोंबतोय.

आणि पणाला काय होतं, सांगू? उन्हाळाभर आमच्या काउंटीच्या वनस्पती-उद्यानात काम करायची जागा. एकच जागा. गेल्या वर्षी मी माझ्याच तक्त्यामागे लपून इतकी गप्प उभी होते, की परीक्षकबाईंनी "इथे कुणी नाही वाटतं" म्हणून पुढचं टेबल गाठलं होतं. या वर्षी नाही म्हणजे नाही!

"चल, गाडी काढ," मी मामाला म्हटलं. "आणि तिथे बोलायला लागलं तर खरं बोल."

प्रदर्शन त्या उद्यानातच भरलं होतं. परीक्षक त्याच होत्या, उद्यान सांभाळणाऱ्या श्रीमती हॅन्किन्स. मी लपले नाही. उलट सुटलेच. म्हटलं, "बाई, आमच्या वाळूत झाडाच्या पोटाला लागेल असं फारसं काही नाही. म्हणून हिला किडा लागतो. किड्यातली प्रथिनं फोडली की अमिनो आम्लं मिळतात. त्यांतून हिची नवी पानं घडतात. पण अमिनो आम्लं नुसतं जेवण नाहीत, निरोपही तीच पोचवतात! किडा आत धडपडला की झाड एक संप्रेरक तयार करतं, त्याला आयसोल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल चिकटतं, आणि ही जोडी चावीसारखी चालते. तेव्हा कुठे पाचक रस सुटतो. म्हणजे अमिनो आम्लं मिळवायला आधी पदरचं अमिनो आम्ल खर्चायचं!"

"चरबी वितळवायची तर कढईत आधी थोडी चरबी घालावीच लागते," मागून मामा बोलला. "त्यात काय एवढं!"

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझा मामा. ह्यानेच प्रयोग बिघडवला."

मामाने टोपी काढली. "बाई, मी भरवलं खरं. आणि आत किडा धडपडतोय असं झाडाला वाटावं म्हणून थीयाने अंड्याचा जबडा बाहेरून चोळला होता ना, तसा मीही चोळला. म्हटलं, ढेकर निघेल."

टेबलाभोवती हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. "मग हा जबडा मिटलेला का राहिला? मांसामुळे की चोळल्यामुळे?"

मी आसपास तक्ता शोधला, लपायला. मग म्हटलं, "नाही सांगता येत, बाई. दोन गोष्टी एकदम झाल्या. पण तिसरा जबडा अजून उघडा आहे. आत्ता तुम्हीच काडी लावा. उद्या चर्च सुटल्यावर इथेच या. तो रिकामा उघडलेला दिसला नाही, तर जागा दुसऱ्याला द्या."

बाईंनी पाईनचं सुईसारखं पान जबड्याच्या आतल्या बारीक केसाला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं आणि टप्! जबडा मिटला. त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

बिऊलावर काचेची बरणी पालथी घातली. दुपारभर मामा शेजारीच खुर्ची टाकून बसला. कुणी विचारलं की म्हणायचा, "माझ्यापासून तिची राखण करतोय."

रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन संपता संपेना. "आमेन" झालं मात्र, अख्खं चर्च उद्यानाकडे! रविवारच्या टोप्या घातलेल्या आज्या सगळ्यांत पुढे. मामाच्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने, माझा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. बाईंनी बरणी उचलली.

जबडा उघडा होता! पूर्ण आ वासलेला, आतून लालचुटुक, रिकामा. शेजारी अंड्याचा मात्र दातावर दात घट्ट रोवून बसलेला. मामाच्या मांसाचं पान कडेने काळं पडायला लागलं होतं. सॉसमधलं मीठ आणि व्हिनेगर, दुसरं काय!

"बघा," मी ओरडलेच, "पोटात काही पडणार नाही हे तिला कळलं, मग कशाला रस वाया घालवेल?"

"माझ्या सॉसला नाक मुरडणारी या काउंटीतली ही पहिलीच," मामा खिन्नपणे म्हणाला, आणि हसता हसता आज्यांच्या टोप्या अशा गदगदा हलल्या की पिसं उडाली.

हॅन्किन्सबाईंनी माझ्या हातात उद्यानाचा हिरवा एप्रन ठेवला. "शाळेला सुट्टी लागली की ये. पाण्याची नळी कुठे असते ते दाखवते."

"आणि मी?" मामाने विचारलं.

"तुम्ही रोज जेवण घेऊन या," बाई म्हणाल्या. "पण फक्त माणसांना भरवायचं."