मेंढरांच्या पोटातला टारफुला

दिवाळी सरली की आटपाडीचा अर्जुना मेंढरं घेऊन कोरेगावात यायचा आणि लालासाहेबांच्या वरच्या रानात बसवायचा. लेंड्यांनी रान कसदार व्हायचं, पुढच्या पावसाळ्यात तिथं जोंधळा डोलायचा. त्यातली काही पोती अर्जुनाला मिळायची, त्यांवरच त्याच्या घरची चूल चालायची.

औंदा वाघर लावायला, म्हणजे मेंढरांभोवती जाळं बांधायला, नात सोनिया हाताशी होती. तिच्या कानामागं पांढऱ्या फुलांची काडी खोवलेली होती.

"हे कुठं घावलं?"

"काल मेंढरं चरली त्या रानात. लय होतं."

अर्जुनाच्या हातातली खुंटी तशीच राहिली. टारफुला. काल त्यानं पायाखाली बघितलंच नव्हतं. फुलांखालची बोंडं पिकलेली. त्यातलं धुळीसारखं बी आता मेंढरांच्या पोटात, उद्या लेंड्यांतून ह्या रानात. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं, तर लालासाहेब उद्यापासून दुसरा कळप बोलावतील.

त्यानं काडी नेऊन बांधावर चहाची चूल पेटवून बसलेल्या लालासाहेबांपुढं धरली आणि सगळं सांगितलं.

पलटणीतून सुभेदार होऊन परतलेल्या लालासाहेबांनी काडी निरखली. "म्हणजे दुश्मन मेंढरांच्या पोटात बसून आला म्हणायचा."

"एवढंसं तर झाड हाय," सोनिया म्हणाली.

"वर एवढंसं," अर्जुना म्हणाला. "खाली ते जोंधळ्याच्या मुळाला चिकटतं आन् त्याचंच पितं. बी वरसानुवरसं मातीत निजून असतं. जोंधळ्याच्या मुळाची चाहूल लागली की उठतं."

लालासाहेबांनी काडी सोनियाच्या हातात दिली. मग म्हणाले, "खालच्या रानात बसीव. तिथं सोयाबीन करायचाय. त्याच्या मुळानंबी हे जागं होतं, पर खायला काय घावत न्हाई."

"मग?" सोनियानं विचारलं.

"मग उपाशी मरतं."

"बिचारं."

"हिला पलटणीत घालू नगंस, गड्या."

अर्जुना हसला, पण लगेच म्हणाला, "समदंच मरंल असं न्हाई, सुभेदार. उरलंसुरलं फुलायच्या आत उपटावं लागंल."

"उपटू की."

"आन् वरचं रान?"

"त्याला फुडल्या वरसाला ये. येताना खाली बघत ये, म्हंजे झालं."

अर्जुनानं खुंट्या उपटायला घेतल्या. सोनियानं चहाच्या चुलीत टारफुल्याची काडी घातली आणि ती पुरती जळेपर्यंत तिथून हलली नाही.