पलंगाला चाकं

सासूबाईंच्या पलंगाला चाकं लावायची ही कल्पना माझी, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नाही. घरात पडल्यापासून त्यांचं चालणं पलंग ते बाथरूम एवढंच उरलं होतं. माझं शिवणाचं मशीन पुढच्या खोलीत. बायका मापं द्यायला येतात आणि तासभर गप्पा ठोकून जातात. मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज यायचा, "काय म्हणाली गं ती? कुणाचं लग्न मोडलं?" मग मशीन थांबवून सगळी कथा पहिल्यापासून सांगा! त्यापेक्षा दिवसा पलंगच पुढे आणावा, रात्री मागे न्यावा. सोपं काम.

सोपं कसलं! चाकांच्या दुकानातल्या काकांनी माझी शिकवणीच घेतली. वरची चपटी ती प्लेट, ती पलंगाच्या पायाला स्क्रूने बसते. चाकाला दोन्ही बाजूंनी धरतो तो फोर्क. दोघांच्या मधे छर्‍यांचं बेअरिंग, त्यामुळे चाक हवं तिकडे वळतं.

"फिरतं हवं की फिक्स?"

"पलंगाला हवंय."

"ते कळलं हो. दारातून वळवायचाय ना? मग चारही फिरती घ्या. आणि ब्रेक दोन्ही अडवणारा घ्या. नुसतं चाक अडवलं तर वरचा फोर्क वळतच राहतो. आजी पलंगाला धरून उठायला गेल्या की पलंग बाजूला सरकणार."

हे मला एकदम पटलं. मग वजन. पलंग, गादी आणि सासूबाई मिळून जे भरेल त्याला तीनने भागा, म्हणाले.

"चाकं तर चार आहेत!"

"जमीन कुठे सपाट असते, वहिनी? एक चाक कायम अधांतरी. ओझं तिघंच उचलतात."

मला यांची चार भावंडं आठवली.

दोन खोल्यांच्या मधे उंबरा आहे म्हटल्यावर त्यांनी लहान चाक परत ठेवलं आणि मोठं काढलं. "हे उंबऱ्यावर अडणार नाही. पण एकूण उंची बघा हं, जमिनीपासून प्लेटपर्यंत. पलंग तेवढा वर जाणार."

"जाऊ दे की," मी म्हणाले. "खालून केर काढायला बरं."

यांनी चाकं बसवली. पलंग उंबऱ्यावरून असा गेला, की सासूबाई लहान मुलीसारख्या हसल्या. पुढच्या खोलीत येताच त्यांनी एका बाईला गळा मोठा ठेवू नकोस म्हणून सांगितलं, दुसरीच्या सुनेची बाजू घेतली. मी खूश. मग हळूहळू त्यांनी चहा नको म्हणायला सुरुवात केली. पाणीही नको. मला वाटलं, म्हातारपणाचे नखरे.

एका दुपारी दोरा तोडताना मान वळवली तर सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. हातांनी चादर घट्ट धरलेली. दोन्ही पाय खाली लोंबत होते आणि अंगठे जमीन शोधत होते. जमीन चांगली वीतभर खाली होती.

"आई, हाक नाही का मारायची?"

"बाथरूमला जायला हाक मारू? इतक्या बायकांसमोर?" त्या म्हणाल्या. "पाणीच कमी प्यायलं की भागतं."

आजवर ही बाई स्वतःचे पाय टेकवून स्वतः उठत होती, आणि मी हौसेने तिची जमीनच काढून घेतली. पायाखाली पाट ठेवून पाहिला, तो सरकला. लहान चाकं उंबऱ्यावर अडणार. हे म्हणाले, चाकंच काढून टाकू.

"चाकं काढायची नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या खोलीत मला छताशी बोलावं लागतं."

मग पलंगाचे पाय कापणं उरलं. त्या रविवारी हे करवत घेऊन बसले आणि नुसते बसूनच राहिले. पलंग सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेला, पायांवरची नक्षीसुद्धा त्यांचीच.

"आई, बाबांच्या हातचं काम आहे हे. कसं कापू?"

खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी डोळे पुसले, पण आवाज खणखणीत होता. "तुझ्या बाबांनी पलंग माझ्यासाठी केला होता रे. मला पलंगासाठी नव्हतं आणलं. काप."

यांनी कापले. चारही पाय सारखे झाल्याची दोनदा खात्री केली, प्लेटा पुन्हा बसवल्या. मी एकेक ब्रेक पायाने दाबला आणि पलंग सगळीकडून हलवून पाहिला. मग सासूबाईंना कडेवर बसवलं. तळवे जमिनीवर पूर्ण टेकले. मी हात पुढे केला.

"सर बाजूला," त्या म्हणाल्या.

पलंगाच्या कठड्याला धरून त्या उठल्या, भिंतीच्या आधाराने बाथरूमपर्यंत गेल्या, दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"कडी लावू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय ना?" हे दाराकडे निघाले.

मी त्यांचा दंड धरला. "लावू द्या," म्हटलं.