बाबांचा कप्पा

तिने संगणकाचं झाकण उघडलं, पंख्यावरची धूळ पुसली, झाकण लावलं आणि चारही स्क्रू पुन्हा आवळले. खरं तर ते उघडायची काहीच गरज नव्हती.

"झाली साफसफाई?" कानांवरचे हेडफोन सारखे करत आई म्हणाली. "आता जे करायला बसलीस ते कर."

आईचे कान केव्हाच कामातून गेले होते. बाजारातल्या श्रवणयंत्रांनी नुसता गलका वाढे. म्हणून बाबांनी निवृत्तीनंतर या संगणकात एक चिप बसवून तिला आईचे हेडफोन जोडले होते. तिच्यातलं सर्किट हवं तेव्हा पुसून नवं मांडता येई, तेही बाकीचं चालू ठेवून. त्यांनी तिचे तीन कप्पे पाडले होते: एक दारावरच्या घंटेसाठी, एक लेकीच्या आवाजासाठी, एक स्वतःच्या आवाजासाठी. ज्याचा कप्पा, त्याचा आवाज आईला गलक्यातून स्वच्छ निवडून मिळे.

चौथा कप्पा चिपमध्ये मावत नव्हता; नवा आवाज भरायचा तर जुना एक पुसावा लागणार होता. आणि लेकीची अडीच वर्षांची मुलगी चिमी आजीशी अखंड बोलायची. आजी अंदाजाने मान डोलवायची. हल्ली चिमी खेळणी उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसू लागली होती.

चिमीच्या आवाजाचं सर्किट महिन्यापूर्वीच तयार झालं होतं. पण बाबांना जाऊन आठच महिने झाले होते. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं.

"घंटेचा कप्पा काढू?" तिने विचारलं.

"काढ. पोस्टमन दारातच म्हातारा होईल."

"आई, पण बाबांचा..."

"त्यांचाच उघड."

तिने कप्प्यांची यादी उघडली. पहिली ओळ घंटेची, दुसरी तिची. तिसरीपुढे बाबांनी लिहिलं होतं: 'रिकामा. चिमीसाठी.' तारीख दीड वर्षापूर्वीची, चिमी पहिला शब्द बोलली त्या आठवड्यातली.

तिने माऊस सोडला आणि ती आईकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"माझ्यासमोरच पुसला. मी भांडले. म्हटलं, मग तुमचं कसं ऐकू? तर म्हणाले, मी जवळ येऊन बोलेन."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्या कप्प्याचं नाव काढलं की तू विषय बदलायचीस. मलाही ते बरंच वाटायचं." आईने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "उभा जन्म दुसऱ्या खोलीतून हाका मारणारा माणूस. शेवटचे दहा महिने चष्मा सापडत नाही हेसुद्धा कानाशी येऊन सांगायचा."

तिने सर्किट कप्प्यात भरलं आणि चिमीला बोलावलं. चिमी आली, सवयीप्रमाणे खुर्चीवर चढली आणि आजीच्या कानाला तोंड लावून सगळ्या ताकदीनिशी ओरडली,

"आजी, माझी बाहुली पडली!"

आई दचकली. "अगं, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला."

चिमीने आजीकडे नीट पाहिलं. मग खाली उतरली, दारापर्यंत गेली, आजीची पाठ आपल्याकडे आहे याची खात्री करून घेतली आणि अगदी हळू म्हणाली,

"आजी."

"काय गं?"