तिसऱ्या तासाची पोटदुखी

ढोंगी मुलं ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी चौदा वर्षं सगळ्यांना सांगत आले. शाळेच्या आजारी खोलीत मी नर्स आहे. मुलं तोंडावर सिस्टर म्हणतात आणि पाठ वळली की पट्टीबाई. खोलीत दोन खाटा, एक वजनकाटा, औषधांचं कुलूपबंद कपाट आणि माझं टेबल. टेबलावर रजिस्टर. पोर आलं की तारीख, वेळ, नाव, वर्ग, तक्रार लिहायची आणि शेवटच्या रकान्यात आपण काय केलं ते. गणिताची चाचणी असली की डोकेदुखीवाल्यांची रांग लागते. ताप नसला तर मी पंधरा मिनिटं पडू देते आणि उठवते. "झालं ना बरं? चल, पळ वर्गात." हे मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

सहावीतली टाचणीही माझ्या मते त्याच रांगेतली. हे नाव वर्गानेच तिला ठेवलेलं, अंगाने अगदीच काडी म्हणून. पोट धरून दारात उभी राहायची आणि बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. ताप नाही, उलटी नाही, पोट दाबून बघावं तर मऊ. पंधरा मिनिटांनी उठवलं की मुकाट्याने बूट घालायची. नाड्या बांधायला मात्र तिला फार वेळ लागायचा, आणि मला त्याचाही राग यायचा.

सहामाहीचा अहवाल सोमवारी द्यायचा होता. रजिस्टर घरी न्यायची परवानगी नाही, पण शाळेत मान वर करायला फुरसत नाही, मग अहवाल काय वाऱ्यावर लिहायचा? रविवारी दुपारी मी ते घरी काढून बसले. सासूबाई टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होत्या, आकडे वाचून दाखवायचं म्हटलं की अजून त्यांना हुरूप येतो. नावं वाचायची नाहीत, अशी अट घालून मी पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्या खणखणीत आवाजात वार, वेळ आणि तक्रार वाचत होत्या, मी रेघा मारत होते. तीन-चार पानं झाल्यावर त्या थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, बुधवारी तुमच्या शाळेत पोरांना खायला घालतात तरी काय?"

मी हसले. मग रजिस्टर ओढून घेतलं आणि हसू जागच्या जागी विरलं. बुधवार, अकरा वाजून पाच मिनिटं, पोटदुखी. पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्याही. नऊ बुधवार, आणि नऊही वेळा टाचणीच. अकरा दहाला तिसरा तास सुरू होतो, आणि सहावीला बुधवारी तिसरा तास खेळाचा असतो. सासूबाई काय झालं म्हणून विचारत राहिल्या आणि मी रजिस्टर मिटून पिशवीत घातलं.

खेळाचा तास म्हणजे शिट्टीसर. गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, ऑफिसबाहेरचं काचेचं कपाट त्यांच्या संघांनी जिंकलेल्या चषकांनी भरलंय. पाय मोडलेल्या एका मुलाला मैदानापासून माझ्या खाटेपर्यंत त्यांनी पळत उचलून आणलेलं मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे वाईट काही मनात आणायची मला लाज वाटत होती. पण आणलंच.

बुधवारी बरोबर अकरा पाचला टाचणी दारात उभी राहिली. मी तिला आत घेतलं, खाटेवर बसवलं आणि थर्मामीटरला हात लावला नाही. खेळाच्या तासाला काय होतं, एवढंच विचारलं. तिने बुटाची सुटलेली नाडी बांधली. मग एका दमात सांगून टाकलं. धावण्यात जो शेवटचा येतो त्याला सर साहित्याच्या खोलीत घालतात. बाहेरून कडी लावतात, दिवा बंद करतात. तास संपल्याची शिट्टी होईपर्यंत आत. घरी सांगेल त्याच्यामुळे अख्ख्या वर्गाला शिक्षा, आणि संघात जागा कुणालाच नाही. "मीच शेवटची येते," ती म्हणाली, "दर वेळी."

तुम्ही कुणाला सांगणार नाही ना, असं तिने विचारलं. नाही गं राणी, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते खोटं ठरलं असतं, आणि तिचा विश्वास मोडणारं एक माणूस पुरे होतं.

"सांगणार. मोठ्या बाईंना सांगणार, ते तुला आधीच सांगून ठेवते. पण आज तू त्या तासाला जाणार नाहीस."

तिने मान हलवली आणि खाटेवर आडवी झाली. दोन मिनिटांत तिला झोप लागली. मी तिचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवले. लिहिताना समोरच्या भिंतीवर नजर गेली. तिथे विद्यार्थी सुरक्षा समितीची यादी लावलेली आहे. तक्रार असल्यास यांना भेटा, खाली चार नावं. दुसरं नाव शिट्टीसरांचं. तो कागद मीच माझ्या चिकटपट्टीने लावला होता आणि वर्षभर त्याच्यासमोर बसून मुलींना परत पाठवत होते.

मोठ्या बाईंबद्दल मला खोटं लिहायचं नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि मला घेऊन थेट साहित्याच्या खोलीपाशी गेल्या. गाद्या, जाळ्या, चेंडूंची पोती. खिडकी नाही. दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर. त्या आत जाऊन उभ्या राहिल्या आणि मला दार लावायला सांगितलं. मी लावलं. लगेच आतून टकटक झाली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी खोलीला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली, सरांचे तास त्याच दिवशी काढून घेतले, टाचणीच्या आईला बोलावलं आणि वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. सोमवारी तिथून चौकशीला एक समुपदेशक येणार होत्या.

त्यानंतर त्यांनी रजिस्टर चाळलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे माझ्या अक्षरात नऊ वेळा लिहिलं होतं, वर्गात परत पाठवले.

"सिस्टर, हे असंच बाहेर गेलं तर पहिला जाब तुम्हालाच विचारतील," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नुसता गोषवारा द्या. नावं नकोत, वेळा नकोत. मुलीची हकिगत आहेच की लेखी."

माझ्याच भल्यासाठी म्हणाल्या. आणि मी काही मोठी शूर नाही. चौदा वर्षं टिकवलेली नोकरी डोळ्यांसमोर नाचायला लागली. मी सुवाच्य अक्षरात गोषवारा केला. पोटदुखी, एकूण एकेचाळीस. त्या आठवड्यात सासूबाईंनी त्या बुधवारांचं काय झालं म्हणून दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा भाजी चिरायला उठले.

तोवर सरांनी आपलं म्हणणं लिहून दिलं होतं. गंमत म्हणून एखाद-दोन वेळा मुलांना मिनिटभर आत उभं केलं असेल. ही मुलगी संघात घेतलं नाही म्हणून कुभांड रचते आहे. इतक्या वर्षांत एकानेही कधी तक्रार केलेली नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी तोंडाला कुलूप लावलं होतं, संघातली जागा कोणाला नको असते? म्हणजे सगळं त्या काडीएवढ्या पोरीच्या शब्दावर येऊन थांबलं.

समुपदेशक बाई माझ्याच खोलीत बसल्या, कारण टाचणीला दुसरीकडे कुठे बोलायचं नव्हतं. खाटेवर टाचणी, शेजारी तिची आई, टेबलाशी मी. बाईंचा आवाज मऊ होता, घाई नव्हती. टाचणीने सगळं पुन्हा सांगितलं, न अडखळता. मग त्यांनी विचारलं, याआधी तू हे कधी कोणाला सांगितलं होतंस का?

ती नाही म्हणेल, असं मी धरूनच चालले होते.

"हो," टाचणी म्हणाली. "पट्टीबाईंना." तिने जीभ चावली. "सिस्टरना. दर वेळी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"पोटात दुखतं म्हणून."

समुपदेशक बाईंनी माझा गोषवारा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, यात तसं काही दिसत नाही. बोलण्यात आरोप नव्हता. पण त्यांच्या टिपणवहीत पेन्सिल टाचणीच्या नावापुढे थांबली होती.

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. दारात उभी राहून आत बोलावण्याची वाट बघायची ना, तशीच बघत होती. इतकी शरम मला जन्मात कधी वाटली नव्हती.

"दिसणार नाही," मी म्हटलं. "ते मी गाळलंय."

कपाटातून रजिस्टर काढलं आणि उभ्यानेच वाचायला लागले. वार, वेळ, तक्रार, शेवटचा रकाना. बुधवार, अकरा पाच, पोटदुखी, वर्गात परत पाठवले. पुन्हा बुधवार. एकही ओळ न गाळता शेवटपर्यंत वाचलं. टाचणीच्या आईने पदर तोंडाला लावला होता, मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. शेवटी रजिस्टर समुपदेशक बाईंच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, नऊ वेळा.

"दहा," टाचणी म्हणाली.

आम्ही तिघी तिच्याकडे वळलो.

"एकदा तुमच्या खोलीला कुलूप होतं. मी थोडा वेळ थांबले. मग गेले तासाला."

समुपदेशक बाईंनी दहा लिहिलं आणि मला तिथे सही करायला लावली.

तिचं म्हणणं खरं धरलं गेलं. रजिस्टर दाखवल्यावर वर्गातली आणखी पाच मुलं बोलली. सरांना घरी बसवलंय, चौकशी चालू आहे. समितीची यादी नवी झाली आणि ती लावताना मोठ्या बाईंनी प्रत्येक नावावर विचार केला. मला लेखी समज मिळाली, ती मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की बरं केलंस, उशिरा केलंस.

रजेवर जाताना आता खोलीची किल्ली मी मोठ्या बाईंकडे देऊन जाते. आणि त्या दहाव्या बुधवारची तारीख मी माझ्या रजेच्या अर्जावरून शोधून काढली. रजिस्टरमध्ये त्या दिवशीची ओळ नव्हतीच, म्हणून समासात लिहिली. तारीख, वेळ अकरा पाच, तिचं नाव, वर्ग, पोटदुखी. शेवटच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग लिहिलं, आली होती, मी नव्हते.