बावीस गुहा

थंडीच्या आठवड्यात मला खुर्चीवर टेकलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. सोमवारी कापसाचा बर्फमाणूस, मंगळवारी घडीच्या कागदातून कापलेल्या बर्फाच्या चांदण्या, बुधवारी जुन्या मोज्यांचे हातमोजे, गुरुवारी अस्वलाची गुहा, आणि शुक्रवारी हे सगळं बघायला आईबाबा. चार वर्षांची बावीस पोरं, त्यांचे चव्वेचाळीस हात, आणि प्रत्येक हाताला खळ. बसणार कधी? आमच्या मदतनीस मावशी म्हणतात, "बाई, तुमच्या पायाला भिंगरी आणि घशात भोंगा." माझ्याइतकीच वर्षं त्यांनी या वर्गात काढलीत, त्यामुळे तोंडावर बोलायला घाबरत नाहीत.

भोंग्याचं खरं आहे. पण बालवर्गात कुजबुजून कोणाचं भलं झालंय?

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. रोज पिवळा स्वेटर, म्हणून मी त्याला लिंबू म्हणते. त्याच्या उजव्या कानात ऐकण्याचं यंत्र असतं. डाव्या कानाने ऐकूच येत नाही, आणि उजव्याने जे काही येतं ते त्या यंत्रामुळे. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या आईने पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. कसं घालायचं, कसं काढायचं, पाणी लागू द्यायचं नाही. वरून म्हणाली, "हे हरवलं तर नवीन मिळेपर्यंत चार-पाच महिने जातात हो. आत्ता कुठे बोलायला लागलाय. तुमच्या भरवशावर सोडतेय." मी म्हटलं, "अगदी निर्धास्त राहा." आणखीही काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात कोणीतरी रंगाची वाटी सांडली आणि मी मान डोलावून पळाले.

लिंबूची एक खोड होती. मी बोलायला लागले की तो हाताने कान झाकायचा. झाकला की यंत्र शिट्टी मारायचं. शिट्टी वाजली की मी ओरडायचे, "हात खाली!" तो खाली करायचा, पुन्हा वर न्यायचा. बुधवारी मोज्यांचे हातमोजे झाल्यावर मी त्याच्या हातात ते चढवले आणि मनगटाशी रिबिनीने बांधून टाकले. "आता कसं!" मी मावशींना म्हटलं. दिवसभर माझ्या या युक्तीवर मी खूश होते.

गुरुवारी गुहा. अर्ध्या कापलेल्या खोक्यावर खळीने तपकिरी कागद चिकटवायचा, आत कापसाची गादी करायची, पुढे पुठ्ठ्याचं दार. मी गोष्ट सांगितली की थंडी पडली की दमलेलं अस्वल गुहेत जाऊन झोपतं आणि वसंताचं ऊन आल्यावरच उठतं. "ज्याला झोपवायचंय त्याला आत झोपवा. पण ऊन आल्याशिवाय कोणी दार उघडायचं नाही. आत कोण आहे ते सांगायचंही नाही, नाहीतर त्याची झोप मोडते. शब्द?" "शब्द!" बावीस बोटं ओठांवर गेली. मीही बोट ओठांवर ठेवलं. मुलांकडून शब्द घ्यायची ही माझी जुनी पद्धत. त्याशिवाय पाच मिनिटं शांतता मिळत नाही. अकरा वाजता बावीस गुहा ओळीने फळीवर लागल्या.

अकरा चाळीसला मी लिंबूला हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या इतक्या जोरात. तो जमिनीवर ठोकळे रचत बसला होता, मान वळली नाही. जवळ गेले तर कान रिकामा.

आई साडेबाराला येते, तीसुद्धा नेहमी पाच मिनिटं आधी. पण त्याहून वाईट म्हणजे यंत्रातली बॅटरी. डाळीएवढी चपटी, चकचकीत, पोराने गिळली तर थेट इस्पितळ. मी बावीस जणांना रांगेत उभं करून एकेकाचं तोंड उघडायला लावलं. "आ करा! जीभ वर!" तोंडात काही नव्हतं. पोटात काय आहे ते कसं बघणार? मावशींनी कचऱ्याचा डबा जमिनीवर उलटा केला. मी खळीच्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. कागदाच्या कपट्यांचा ढीग उपसला, बाथरूमच्या जाळीत टॉर्च मारला, खेळातल्या स्वयंपाकघरातली चिमुकली भांडी झटकली.

"लिंबूच्या कानातलं कोणी पाहिलं का?" मी विचारलं. लिंबू सोडून एकवीस बोटं ओठांवर गेली. वा, मला वाटलं, निदान आज तरी शहाण्यासारखी गप्प बसलीत. "शाब्बास," असंही म्हणाले मी. अकलेचा कांदा म्हणतात तो मीच.

बारा वाजले. मोठ्या बाईंना सांगायचं कोणत्या तोंडाने? मी पुन्हा कपट्यांच्या ढिगात शिरले, तर माझ्या ओढणीला कोणीतरी हिसका दिला. आमची वकीलबाई. ही मुलगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून हे नाव.

"बाई, सांगितलं तर त्याची झोप मोडेल ना?"

"कोणाची?"

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि डोळे मात्र फळीकडे वळवले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी झडप घालून पहिली गुहा उचलली आणि दाराला बोट लावलं. वर्गात असा आकांत झाला की विचारू नका. "नाही नाही! ऊन नाही आलं!" "बाई, तू शब्द दिलास!" एक तर भोकाडच पसरून बसला. लिंबूला ओरडा ऐकू आला नसणार, पण माझ्या हातातली गुहा त्याने पाहिली. पळत आला आणि फळीवरच्या शेवटच्या गुहेवर दोन्ही हात टाकून तिला झाकलं.

"घ्या की ओढून," मावशी म्हणाल्या. "चार वर्षांचं तर पोर."

मी हात पुढे केलासुद्धा. लिंबू माझ्या तोंडाकडे बघत होता. रडत नव्हता, नुसता बघत होता, आता ही काय करते म्हणून. मला स्वतःची लाज वाटली. शब्द मागितला मी, दिला मी, आणि वर्गात तो मोडणारी पहिली मीच. मी हात मागे घेतला.

बरं, मग ऊन आणायचं. खिडक्यांवर मीच निळा कागद लावला होता, हिमवर्षावाच्या देखाव्यासाठी. मंगळवारच्या सगळ्या चांदण्या त्यावर चिकटवलेल्या. त्या चिकटवायला दोन दुपारी गेल्या होत्या. मी स्टुलावर चढले आणि वरच्या कोपऱ्यातून तो कागद टराटरा ओढला.

"अहो बाई, उद्या आईबाबा येणार!" मावशी किंचाळल्या.

"येऊ देत." दुसरी खिडकी. तिसरी. चांदण्या जमिनीवर पडल्या. बाहेर ऊन होतं, पण ते अगदीच पातळ, आजाऱ्याला पाजतात त्या पेजेसारखं. ते फळीवर पडलं.

"वसंत आला!" मी म्हटलं.

पोरांनी वकीलबाईकडे पाहिलं. तिने पुढे होऊन उन्हात तळहात धरला. बराच वेळ धरला. घड्याळात सव्वाबारा झाले होते. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"गार आहे," ती म्हणाली. मग तिने हात उलटा केला. "या बाजूला जरा कोमट आहे. आला, आला."

बावीस दारं उघडली. मातीची अस्वलं, एक बाहुली, एक अर्धं बिस्कीट. लिंबूने सगळ्यांत शेवटी, हळूच दार उघडलं. आत कापसावर यंत्र कुशीवर ठेवलेलं होतं, वर हातमोज्याचं पांघरूण. खळीचा एक थेंब लागला नव्हता. बॅटरीचं बारीक झाकण त्याने उघडून ठेवलं होतं, रात्री त्याला झोपवताना आई ठेवते तसं. बॅटरी जागच्या जागी होती.

मी मटकन खाली बसले. आठवड्यात पहिल्यांदा. यंत्राकडे बोट दाखवून मी हातावर गाल टेकला आणि मान हलवून विचारलं, का रे झोपवलंस?

"दमलं," लिंबू म्हणाला. "बाई ओरडते."

तक्रार नव्हती ती. बाहेर थंडी आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

मी झाकण लावलं, यंत्र त्याच्या कानात बसवलं आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आधीच त्याचा हात कानाकडे निघाला. तीन महिने हा हात मी खोड म्हणून बघत होते. काल बांधूनही ठेवला होता.

मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा आवाज माझाच आहे का अशी मला शंका आली. "आई येईल आता," मी म्हटलं.

हात अर्ध्यावर थांबला. "ऐकलं," तो म्हणाला.

ती आलीच. दारात उभी राहून तिने फाटका कागद पाहिला, जमिनीवरच्या चांदण्या पाहिल्या, कोपरापर्यंत खळीने माखलेला माझा हात पाहिला. "काय झालं? याने काही त्रास दिला का?"

"याने नाही," मी म्हटलं, "मी दिला." आणि सगळं सांगितलं, बांधलेल्या हातमोज्यांसकट. तिचा चेहरा उतरत गेला. मग मीच विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्ही शेवटी काहीतरी सांगत होतात. मी ऐकलं नव्हतं. काय ते?"

"आवाज चढवू नका, म्हटलं होतं," ती म्हणाली. "ते काम यंत्र करतं. साधं बोललात तरी त्याला पोचतं."

लिंबू आमच्या मधोमध उभा होता. एकदा आईच्या तोंडाकडे बघायचा, एकदा माझ्या. माझ्याकडे बघताना त्याचा हात अजून पुरता खाली आलेला नव्हता.