सिस्टीमसाहेबांची रजा

"हात लावू नका कुणी!" सिस्टीमसाहेब दारातूनच गरजले.

हात कुणी लावतच नव्हतं. वीज जाऊन आली होती, मत्स्यबीज केंद्रातले हवेचे पंप गप्प होते आणि टाक्यांतली बोटभर पिल्लं वर येऊन तोंडं वासत होती. साहेबांनी खुर्ची झटकली, पाठीने संगणकाचा पडदा झाकत पासवर्ड टाकला, कुठलंसं बटण दाबलं. पंप घुरघुरले.

"बघितलंत? हे सगळं माझ्या जिवावर श्वास घेतं."

ते खरं होतं आणि शरमेची गोष्ट हीच होती. पंप चालवणारी 'सेवा', म्हणजे संगणकातला एक प्रोग्रॅम, मशीन सुरू होताच पडद्यामागे आपली आपण चालू व्हायची. पण तिचं सॉफ्टवेअर साहेबांनी मशीनवर न टाकता मुख्य कचेरीतल्या सामायिक डिस्कवर टाकलं होतं. ती डिस्क साहेबांनी लॉगिन केल्यावरच मशीनला दिसे. तोवर बिचारी सेवा उठून, चाचपडून, मान टाकून मोकळी. आपली चूक निस्तरायला दर वेळी आपणच धावत जाणं, याला साहेब अनुभव म्हणत.

"सर, सॉफ्टवेअर याच मशीनवर टाकलं तर लॉगिनची गरजच नाही," नवी इंजिनीअर म्हणाली.

"बाळ, तुझ्या जन्माआधीपासून मी डिस्क फॉरमॅट करतोय."

साहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि मुदतवाढीचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायचा होता. साहेबांनी बेत आखला: तापाची रजा टाकायची. वीज जाईल, पंप अडतील, संचालक हात जोडत येतील. पिल्लांचं काय, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

दुसऱ्याच दुपारी घरातला पंखा थांबला. आजारी माणूस टुणकन उठून बसला.

"ताप उतरला वाटतं," बायको म्हणाली.

"थट्टा नको. फोन येईल आता."

वीज आली. फोन आला नाही. चहा झाला, तरी नाही. शेवटी न राहवून त्यांनीच टाक्यांवरच्या मावशींना फोन लावला. ऐकायला कमी येई म्हणून नेहमीसारखा स्पीकरवर.

"पंप? चालू आहेत की! पोरीनं संचालकांना विचारून काल काहीतरी बदललं. आता आपोआप सुरू होतात."

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे कुणी न ओरडता. संचालक म्हणाले, आता साहेबांना त्रास द्यायला नको. झोपा तुम्ही निवांत."

साहेबांनी फोन ठेवला. मग उठून स्वयंपाकघरात डोकावले.

"जावं लागेल. पंप बंद पडलेत. माझ्याशिवाय पान हलत नाही तिथं."

बायकोने शब्दन्‌शब्द ऐकला होता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा आयता टोमणा तिच्या हाती कधी लागला नव्हता. तिने कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

"बटणं नीट लावा," एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने तिने खिडकीतून पाहिलं. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर साहेब बसले होते. ताठ, बूट घालून, कामावर असल्यासारखे. तिने आवाज न करता पडदा ओढून घेतला.