पांढऱ्या अक्षरांचे चार टायर

पुष्करच्या गाडीला टायर नव्हते, म्हणून उल्काच्या गाडीला गराज नव्हतं.

ग्वेल्फमधल्या त्यांच्या घराला गराज एकच. त्यात तीन वर्षं १९७० सालची एक लाल चेव्हेल चार लोखंडी स्टँडवर उभी होती. इंजिन झालं होतं, रंग झाला होता, सीटचं कापड त्याच सालच्या नमुन्याचं मागवून बसवलं होतं. नंबरप्लेट होती, विमाही होता. उरले होते टायर. उल्काची टोयोटा बाहेर ड्राइव्हवेवर असायची, आणि नोव्हेंबर ते मार्च उल्का रोज सकाळी तिची काच खरवडायची.

टायर पांढऱ्या अक्षरांचे हवेत, एवढं पुष्करचं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. त्या काळातल्या अशा दणकट गाड्यांच्या टायरवर कंपनीचं नाव पांढऱ्या, उठावदार अक्षरांत असायचं. प्रश्न त्यापुढे सुरू होत. जुन्या पद्धतीचे टायर आजही नव्याने बनवून मिळतात आणि हुबेहूब दिसतात, पण रस्त्याला जरा घळ पडलेली असली की गाडी तिकडे ओढली जाते. आजच्या पद्धतीचे रेडियल टायर सरळ चालतात, पण बहुतेकांची अक्षरं किरकोळ. शिवाय अक्षरं भरीव हवीत की नुसती बाह्यरेषा? पुष्कर सॉफ्टवेअरमधला माणूस. जुन्या मासिकांतले फोटो मोठे करून तो अक्षरांची उंची मोजत असे, आणि फोरमवर अल्बर्टातल्या कुणा निवृत्त माणसाशी भांडत असे.

त्यांची मुलगी ईशानी एकदाच बोलली. "बाबा, इट्स अ टायर," म्हणाली आणि वर निघून गेली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला उल्काने विषय काढला.

"वॉनला एका गोदामात हिवाळ्यासाठी गाड्या ठेवतात. मी जागा घेतली आहे. पंधरा ऑक्टोबरच्या आत चेव्हेल तिथे न्यायची."

"पण टायर?"

"कशावर तरी उभी राहावी लागेलच ती."

"अगं, असं घाईत नाही ठरवता येत."

"तीन वर्षं झाली, पुष्कर."

उल्का मसाल्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होती. नमुना कुठून आला हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, हा तिथला नियम. तिने पाच टायरांचे फोटो खऱ्या आकारात छापले, नावं झाकली, पुठ्ठ्यावर चिकटवले आणि एकेक करून चेव्हेलच्या चाकाला टेकवले. पुष्करला रस्त्याच्या कडेला उभं केलं. असं चार वेळा केलं, दर वेळी क्रम बदलून. चारपैकी तीनदा त्याने एकच टायर निवडला. तो रेडियल होता, जाड भरीव अक्षरांचा.

"पण चारच वेळा म्हणजे नमुना फार लहान आहे," पुष्कर म्हणाला.

"आहे. ऑर्डर कर."

टायर आले तेव्हा अक्षरं निळी होती. पुष्कर लगेच परतीचा फॉर्म भरायला बसला. ती निळाई म्हणजे वरचा संरक्षक लेप आहे आणि पाण्याने जातो, हे उल्काने टायरवरचं लेबल वाचून सांगितलं. पुष्करने एक पूर्ण शनिवार दात घासायच्या ब्रशने चारही टायर धुतले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चेव्हेल स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. ती गराजबाहेर काढायला मात्र त्याला दिवस मिळेना. आज ढग होते, उद्या मीटिंग होती.

मग दसरा आला.

पुष्करच्या आई, प्रभाताई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. घरात वाहन आहे आणि दसऱ्याला त्याची पूजा नाही, असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. सकाळी कुणाला न उठवता त्या गराजमध्ये गेल्या. टोयोटाला त्यांनी हळदीचं एक बोट लावलं. ती बाहेर होती आणि थंडी होती. चेव्हेलची मात्र यथासांग पूजा झाली. बॉनेटवर झेंडूची फुलं, चाकांखाली लिंबं, आणि हळद पाण्यात कालवून चारही टायरांवर, बोटांनी, अक्षराअक्षरावर.

पुष्करची हाक ऐकून उल्का खाली आली.

"आई, काय केलं हे तू!"

"का केलं म्हणजे? पूजा केली. चारही कपाळं कोरी होती बाप्पा. सणाच्या दिवशी बरं दिसते का ते?"

"कपाळं नाहीत ती! अक्षरं आहेत!"

"मंग अक्षरांना काय हळदीचं वावडं आहे?"

उल्का काही बोलायच्या आत पुष्करने टायर साफ करायचा फवारा उचलला आणि पहिल्या टायरवर मारला. पिवळी अक्षरं क्षणात लालभडक झाली.

प्रभाताईंनी हात जोडले. "अगं उल्का, पाह्य! हळदीचं कुंकू झालं!"

"हो आई. त्या फवाऱ्यात क्षार आहे. कुंकू असंच बनतं."

"मी तं कुंकवाची डबीच विसरली होती. गाडीनं आपलं आपणच लावून घेतलं."

पुष्कर जमिनीवर बसला होता. "संपलं. हे जाणार नाही. परत नवीन बघावे लागतील. आणि खरं सांगू का, त्या चौथ्या वेळी मी जो दुसरा निवडला होता ना, त्याची अक्षरं..."

उल्काला पुढचं वाक्य ऐकायची गरज नव्हती. त्या वाक्याच्या टोकाला चौथा हिवाळा होता.

हळदीतलं रंगद्रव्य ती रोज मोजत असे. अतिनील प्रकाशात ते टिकत नाही, आणि तसा दिवा प्रयोगशाळेत होता. चाकं काढून नेली असती तर एका दुपारचं काम होतं. पण मग गाडी पुन्हा स्टँडवर चढली असती, आणि ती तिथून उतरेल याची खात्री देणारी कुठलीही चाचणी तिला माहीत नव्हती. तिने दिव्याचं नाव काढलं नाही.

"आई, साडीवर हळद सांडली तर तुम्ही काय करता?"

"उन्हात टाकायची. दोन-चार दिवसांत जाते. त्यात का विचारायचं?"

"गाडी बाहेर काढ, पुष्कर. आधी साध्या पाण्याने धू, म्हणजे लाल परत पिवळं होईल, मग उन्हात ठेव."

"बाहेर?"

"ऊन बाहेर आहे."

त्याने किल्ली आणली. मग धुतलेले हात पुन्हा धुऊन आला. "समजा चालवताना काही झालं तर? आतापर्यंत सगळं नीट आहे."

"आहे," उल्का म्हणाली. "अजून ती कुठे गेलीच नाही ना."

प्रभाताई दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "चाल ना रे. लिंबं फोडायची आहेत."

इंजिन सुरू झालं तसं समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. लिंबं फुटली. चेव्हेल ड्राइव्हवेवर आली.

ऊन दक्षिणेकडून यायचं, त्यामुळे एका वेळी एकाच बाजूचे टायर उजळत. रोज दुपारी गाडीचं तोंड फिरवावं लागे, आणि त्यासाठी ती रस्त्यावर न्यावी लागे. पहिल्या दिवशी पुष्कर गल्लीला एक वळसा घालून आला, घामाने ओला होऊन. दुसऱ्या दिवशी दोन वळसे झाले. तिसऱ्या दिवशी मायलेक ग्रोसरीला जातो म्हणून गेले ते दीड तासाने आले, आणि ग्रोसरी आणायला विसरले. अक्षरं लिंबासारखी फिकट झाली, मग दुधासारखी. आठव्या दिवशी पुष्करने भिंग लावून पाहिलं आणि भिंग खिशात ठेवलं.

रविवारी तो चेव्हेल घेऊन वॉनला निघाला. प्रभाताई शेजारी. त्यांना परत आणण्यासाठी उल्का मागे टोयोटात. हायवेवर ती एकदा त्यांच्या बरोबरीला आली आणि तिने टायरांकडे पाहिलं. अक्षरं दिसत नव्हती. एवढ्या वेगात अक्षरं कुणाच्याच टायरवर दिसत नाहीत, भरीव असोत की बाह्यरेषेची. नुसतं एक पांढरं कडं फिरत असतं. हे पुष्करला सांगावं की नाही याचा तिने पुढच्या वळणापर्यंत विचार केला आणि नाही असं ठरवलं.

परतताना अंधारून आलं होतं. उल्काने टोयोटा ड्राइव्हवेवर न थांबवता सरळ गराजमध्ये घेतली. पुष्कर उतरला आणि मोकळ्या कोपऱ्यांकडे बघत राहिला.

"केवढं मोठं आहे गं हे."

"हो," उल्का म्हणाली, आणि तिने दार बंद करायचं बटण दाबलं.